सावलीच्या परसबागेत सह्याद्रीतली सदाहरित फळझुडपं: सावली मोजण्यापासून बी धरण्यापर्यंत

इमारतीच्या मागच्या बाजूला किंवा आंब्याच्या दाट झाडाखाली करवंद लावायचं आणि पुढे वर्षानुवर्षं फळाची वाट पाहायची, असं बऱ्याच बागांमध्ये घडतं. करवंद उघड्या कातळावरचं, उन्हातलं झुडूप आहे. सावलीत ते जगतं, लांबच लांब काटेरी फांद्या काढतं, पण फळ जवळपास धरत नाही. दोष रोपाचा नसतो. आधी रोप आणलं आणि मग जागा शोधली, इथेच क्रम चुकलेला असतो.

सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित रानात मोठ्या झाडांखाली वाढणारी, बारा महिने हिरवी आणि पक्ष्यांना फळं देणारी झुडपं भरपूर आहेत. ती घरच्या सावलीत उत्तम रुजतात. मात्र पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन टप्पे रोप घरी येण्याआधीचे आहेत आणि निम्मं यश त्यांतच आहे.

## १. आधी सावली मोजा

‘आमच्याकडे सावली आहे’ एवढ्यावर रोप निवडता येत नाही. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला जागेवर जा आणि तिथे थेट ऊन आहे, कवडसे आहेत की काहीच नाही, ते लिहून ठेवा. एका दिवसाचं काम आहे. त्यातून तीनपैकी एक प्रकार हाती येतो:

- अर्धसावली: सकाळचं दोन ते चार तास थेट ऊन, नंतर सावली.
- कवडशांची सावली: झाडाच्या पानांमधून दिवसभर हलतं, तुटक ऊन.
- दाट सावली: थेट ऊन नाही, पण आकाश दिसतं आणि दुपारी पुस्तक सहज वाचता येतं.

दुपारीही वाचायला दिवा लागत असेल, तर तिथे फळझुडूप लावू नका. पानं तग धरतील, फळ येणार नाही.

आता सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट. घराची उत्तर बाजू डिसेंबरात पूर्ण सावलीत असते. महाराष्ट्रात त्या दिवसांत भरदुपारीही भिंतीची सावली भिंतीच्या उंचीइतकी किंवा थोडीच कमी पडते. मे महिन्यात चित्र उलटतं. शून्य सावलीचा दिवस पुण्यात १३ मेच्या आसपास, मुंबईत १५-१६ मेच्या सुमारास आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास येतो. त्यानंतर जुलैपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. मार्चच्या अखेरीपासूनच उगवतीचं आणि मावळतीचं ऊनही उत्तर भिंतीवर तिरपं येऊ लागतं. म्हणजे हिवाळ्यात ‘दाट सावली’ म्हणून नोंदलेल्या जागी ऐन मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, कडक ऊन असतं. सावलीतलं कोवळं रोप त्यात दोन-तीन दिवसांत करपतं.

तपासणी: मोजणी हिवाळ्यात केली असेल आणि जागा घराच्या उत्तरेला असेल, तर एप्रिल-मेसाठी तात्पुरत्या हिरव्या जाळीची सोय आधीच धरून ठेवा. पश्चिमेचं दुपारी तीननंतरचं ऊन येत असेल, तर ती जागा सावलीची समजू नका.

एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा कुठे लागते तेही पाहा. तिच्या झोतात कोणतंच रुंद पानांचं झुडूप टिकत नाही. त्याच एसीतून ठिबकणारं पाणी मात्र क्षार नसल्याने या झुडपांना चांगलं चालतं.

## २. सावलीप्रमाणे झुडूप ठरवा

किरमिरा (ग्लायकॉस्मिस पेंटाफायला). पहिल्यांदाच लावत असाल तर हेच निवडा. दाट सावलीपासून अर्धसावलीपर्यंत कुठेही रमतो. पाच-सहा फुटांत आवरता येतो, फुलं बारीक आणि सुवासिक, फळं गुलाबीसर आणि अर्धपारदर्शक. पिकलेलं फळ खातात. पठारावरच्या कोरड्या हवेशीही जमवून घेतो.

बुगडी (आर्डिसिया सोलानेसिया). ओलसर, कवडशांच्या जागेसाठी. पानं मोठी आणि जाडसर, फुलं फिकट गुलाबी, फळं आधी लालसर आणि पिकल्यावर काळीभोर. रानात ओढ्याकाठी वाढते, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी तोडलं तर लगेच मान टाकते. कोकणात सोपी, देशावर रोज लक्ष देणार असाल तरच लावा.

पापट (पॅव्हेटा). पांढऱ्या सुवासिक फुलांचे गुच्छ आणि नंतर वाटाण्याएवढी काळी फळं. कवडसे किंवा अर्धसावली हवी. याच्या पानांत बारीक काळपट ठिपके असतात. तो रोग नाही. पानात राहणाऱ्या जिवाणूंच्या त्या गाठी आहेत आणि झुडपासोबत त्या जन्मभर असतात. त्यांवर बुरशीनाशक मारत बसणारे मी पाहिले आहेत. रोपाला त्याचा काहीही उपयोग होत नाही.

माकडलिंबू (अटलांशिया). काटेरी, सावकाश वाढणारं, छोट्या लिंबासारख्या गोल फळांचं. अर्धसावलीत चांगलं होतं. कुंपणाच्या आतल्या बाजूला लावा. येण्याजाण्याच्या वाटेवर नको.

कुंती (मुराया पॅनिक्युलाटा). रोपवाटिकेत कामिनी किंवा मधुकामिनी म्हणून मिळते. सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं तर पांढऱ्या फुलांनंतर लाल-केशरी फळं येतात. दाट सावलीत नुसती पानंच राहतात.

अंजनी (मेमेसिलॉन अंबेलॅटम). महाबळेश्वर-माथेरानच्या जंगलात जागोजागी दिसणारी, जुन्या फांद्यांवर निळ्या फुलांचे झुबके धरणारी. अर्धसावली आणि निचऱ्याची जांभ्याची किंवा मुरमाड जमीन हवी. वाढ फार संथ. घाई असेल त्यांनी लावू नये. थांबण्याची तयारी असेल त्यांनी जरूर लावावी, कारण यादीतलं सर्वांत देखणं झुडूप हेच आहे. मागताना ‘अंजनी’च म्हणा. ‘अंजन’ मागितलंत तर हार्डविकिया बिनाटा हा विदर्भ-खानदेशातला पानझडी वृक्ष मिळेल, जो परसात मावत नाही.

जागा मोठी आणि ओलसर असेल तर करकणी (लीया इंडिका) लावता येते. पण ती दहा फुटांच्याही वर जाते, तेव्हा लहान अंगणात तिचा मोह टाळा.

सावधान: शेजारी संत्रं, मोसंबी किंवा लिंबू असेल तर कुंती लावू नका. लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग हा रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड कुंतीवर जोमाने वाढते. संत्रा-मोसंबीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे काटेकोरपणे पाळावं.

## ३. माती आणि निचरा

सावलीत पाणी लवकर सुकत नाही. म्हणून इथे झुडपं तहानेपेक्षा मूळकुजीने जास्त मरतात. लावणीच्या आधी निचरा पाहणं टाळू नका.

दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा काढा. काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांत जिरलं तर निचरा चांगला. दुसऱ्या दिवशी सकाळीही तळाशी पाणी दिसलं तर त्या खड्ड्यात काहीही लावू नका.

काळ्या चिकण मातीत हे हमखास घडतं. त्यावर उपाय म्हणून लोक खड्ड्यात वाळू भरतात, आणि आजूबाजूच्या चिकण मातीतलं पाणी त्या खड्ड्यातच येऊन साठतं. त्याऐवजी जमिनीवर आठ-दहा इंच उंच गादीवाफा करा आणि रोप त्यात लावा. मिश्रण साधं ठेवा: तीन भाग जागेवरची माती, एक भाग पूर्ण कुजलेलं पालापाचोळ्याचं खत, अर्धा भाग जुनं शेणखत. ताजं शेण नको, ते मुळं जाळतं.

दुसरी अडचण राडारोड्याची. घराभोवतीच्या भरावात विटांचे तुकडे, सिमेंट आणि चुना असतो. त्यामुळे माती अल्कधर्मी होते आणि मुळांना लोह घेता येत नाही. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. यावर खताचा उपयोग होत नाही, राडारोडाच उपसावा लागतो. भिंतीपासून किमान अडीच फूट अंतर ठेवा. बोअरचं जड पाणी वर्षभर देत असाल तरी हीच लक्षणं दिसतात. अशा वेळी छपरावरचं पावसाचं पाणी साठवून अधूनमधून ते द्या. धुण्याचं साबणमिश्रित पाणी या झुडपांकडे वळवू नका.

### मोठ्या झाडाखाली लावताना

आंबा, फणस यांच्याखाली वरच्या फूटभर मातीत मुळांचं जाळं असतं. तिथे मोठा खड्डा काढायला गेलात तर दोन्ही झाडांचं नुकसान होतं. अशा जागी लहान पिशवीतलं लहान रोप घ्या, खुरप्याने मुळांच्या मधली मोकळी जागा शोधा आणि बुंध्यापासून सहा फूट तरी लांब लावा. करंगळीपेक्षा जाड मूळ लागलं तर ते तोडू नका, खड्डा थोडा सरकवा. झाडाच्या बुंध्याला टेकून मातीची भरही टाकू नका. त्याने चांगलं मोठं झाड कुजतं.

## ४. रोप निवडणं

रानातून रोप उपटून आणू नका. राखीव वनातून वनस्पती काढणं भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो. कायदा बाजूला ठेवला तरी सोटमूळ तुटलेलं रानातलं रोप बहुधा जगत नाही, म्हणजे रानातलंही गेलं आणि घरचंही. वन विभागाच्या, सामाजिक वनीकरणाच्या आणि देशी झाडांच्या खासगी रोपवाटिकांमध्ये चौकशी करा. मराठी नावासोबत वनस्पतिशास्त्रीय नावही सांगा, कारण मराठी नावं तालुक्यागणिक बदलतात.

रोप घेताना तपासणी:

- पिशवीच्या तळातून जाड मूळ बाहेर आलंय का? आलं असेल तर रोप पिशवीत फार काळ राहिलेलं आहे. घेऊ नका.
- दीड-दोन फुटांचं दणकट रोप हे चार फुटांच्या लवचीक रोपापेक्षा केव्हाही बरं.
- पानांच्या मागे पांढरा कापूस किंवा तपकिरी खवले दिसतात का, ते उलटून पाहा.
- खोडाला बोटांनी हलवा. ते मातीत डगमगत असेल तर मुळं कच्ची आहेत.

रोप घरी आणल्यावर लगेच लावू नका. ठरवलेल्या जागीच पिशवीसकट दहा-पंधरा दिवस ठेवा. उन्हातल्या रोपवाटिकेतून आलेलं रोप सावलीत आल्यावर काही जुनी पानं गाळतं. पिशवीत असताना हे झालं तर ते पुन्हा सावरतं. लावणी आणि जागाबदल एकदम झाले तर सावरणं अवघड जातं.

## ५. लावणी

वेळ: पावसाच्या पहिल्या चांगल्या सरी पडून जमीन फूटभर खोल ओली झाली की. देशावर जूनअखेर ते जुलै. कोकणात आणि घाटमाथ्यावर एक तर जूनच्या मध्याला, नाहीतर अतिवृष्टीचा जोर ओसरल्यावर ऑगस्टअखेर. ऐन जुलैच्या धुवांधार पावसात लावलेली रोपं तिथे कुजतात.

१. अंतर आखून घ्या. किरमिरा आणि पापट चार ते पाच फूट, बुगडी पाच फूट, कुंती, माकडलिंबू आणि अंजनी सहा फूट. सुरुवातीला बाग उघडी दिसते म्हणून जवळजवळ लावण्याचा मोह होतो. सावलीत दाटी झाली की हवा खेळत नाही आणि खवले कीड मुक्काम करते.

२. खड्डा मुळांच्या हुंडीच्या, म्हणजे पिशवीतल्या मुळांसकट मातीच्या गोळ्याच्या, दुप्पट रुंद काढा, खोली मात्र हुंडीएवढीच ठेवा. खोल खड्ड्यात भुसभुशीत माती भरली तर ती नंतर खचते आणि रोप खाली जातं.

३. पिशवीला आदल्या दिवशी पाणी द्या, म्हणजे हुंडी फुटत नाही.

४. पिशवी पूर्ण काढा. तळाला चीर देऊन पिशवीसकट पुरण्याची पद्धत अजून चालू आहे आणि दोन वर्षांनी खुरटलेलं झुडूप उपटलं की आत तीच पिशवी सापडते.

५. तळाशी गोल फिरलेली बारीक मुळं धारदार कात्रीने कापा. सोटमूळ वळलेलं असेल तर वळणाच्या वर कापा.

६. मातीतून खोड जिथे बाहेर येतं ती रेषा जमिनीच्या पातळीला किंवा अर्धा इंच वर ठेवा. खाली कधीच नको.

७. माती हाताने दाबा, पायाने तुडवू नका. पाऊस पडत असला तरी बादलीभर पाणी द्या. त्याने मुळांभोवतीची हवा निघून जाते.

सावधान: लावणीच्या वेळी रासायनिक खत घालू नका, पहिलं वर्षभरही नको. दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळली तर पुरते.

## ६. पहिलं वर्ष, आणि त्यातला ऑक्टोबर

रोपं मे महिन्यात मरतात असं आपण धरून चालतो. माझ्या पाहण्यात जास्त रोपं ऑक्टोबरात जातात. पाऊस थांबतो, ऊन एकदम तापतं आणि चार महिने पाणी घालायची सवय नसल्याने कोणाचं लक्ष नसतं. परतीचा पाऊस संपला की त्याच आठवड्यात दोन कामं करा: आळं नीट करा आणि पालापाचोळ्याचं दोन-तीन इंच आच्छादन घाला. आच्छादन खोडापासून चार इंच लांब राहू द्या.

पाणी वेळापत्रकाने देऊ नका. बोट दोन-अडीच इंच मातीत घाला. कोरडं लागलं तरच द्या. अंदाज म्हणून, ऑक्टोबरात तीन-चार दिवसांनी, थंडीत आठवड्याने, मार्चपासून दोन-तीन दिवसांनी. मोठ्या झाडाखालच्या रोपांना याहून जास्त लागतं, कारण झाड पाणी आधी ओढतं आणि हलका पाऊस पानांवरच अडतो.

खालची पानं पिवळी पडली आणि माती ओली असेल, तर पाणी जास्त झालंय. पानांच्या कडा तपकिरी होऊन चुरचुरल्या असतील, तर ऊन, गरम वारा किंवा क्षार यांपैकी एक कारण आहे. ही दोन लक्षणं उलटसुलट वाचली की पिवळ्या रोपाला आणखी पाणी मिळतं आणि ते जातं.

पावसाळ्यात आच्छादन पातळ करा. त्याखाली शंखी गोगलगायी लपतात आणि एका रात्रीत कोवळा शेंडा फस्त करतात. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून ठेवा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ जमिनीवर मात्र फेकू नका.

### अळ्या दिसल्या तर

किरमिरा, माकडलिंबू आणि कुंतीवर आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या आणि मग हिरव्यागार होणाऱ्या अळ्या येतात. ही लिंबूवर्गीयांवर वाढणाऱ्या फुलपाखरांची पिल्लं. ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, हे महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. त्याची मादीसुद्धा माकडलिंबू आणि किरमिऱ्यावर अंडी घालते. फवारणी करू नका, कडुनिंबाच्या तेलाचीही नको. रोप फुटाभराचंच असेल तर अळ्या अलगद मोठ्या झुडपावर हलवा. मोठं झुडूप खाल्लेली पानं महिन्या-दोन महिन्यांत भरून काढतं.

पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड आली आणि पानांवर काळी बुरशी धरली, तर फक्त तेवढ्या फांद्या पाण्याच्या जोराने धुवा आणि सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. दाटी असेल तर आतल्या एक-दोन फांद्या काढा. हवा फिरली की ही कीड आटोक्यात राहते.

## ७. छाटणी

फळ न येण्याचं सर्वांत मोठं कारण छाटणी हेच आहे. माळ्याला ‘जरा नीट करून टाका’ सांगितलं की तो चौफेर कात्री फिरवतो आणि येऊ घातलेला बहर कचऱ्यात जातो.

फळं पक्ष्यांनी संपवल्यावरच छाटा. एका वर्षी पाव भागापेक्षा जास्त नको. कात्रीने कुंपणासारखं कातरू नका. लांबलेली फांदी आत, सांध्यापाशी काढा. अंजनीच्या जुन्या, पानं नसलेल्या फांद्यांना हात लावू नका, फुलं त्याच लाकडावर येतात. कुंतीची कातरून कुंपण-भिंत केली असेल तर दोन वर्षं कात्री थांबवा, फळं आपोआप दिसू लागतील.

तपासणी: कात्री लावण्याआधी फांद्या बाजूला सारून आत पाहा. बुलबुल अशाच झुडपांत, खांद्याएवढ्या उंचीवर घरटं करतात. घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत छाटणी पुढे ढकला.

## ८. तरीही फळ नसेल तर

या क्रमाने पाहा. रोप बियापासूनचं असेल आणि तीन-चार वर्षंही झाली नसतील, तर अजून वेळच झालेली नाही. अंजनीला त्याहून जास्त लागतो. फुलंच येत नसतील तर उजेड कमी आहे: वरच्या झाडाच्या खालच्या एक-दोन फांद्या काढल्या की पुष्कळदा काम होतं. पानं गर्द, लुसलुशीत आणि फुलं नाहीत, तर नत्र जास्त होतंय. शेजारच्या हिरवळीला घातलेला युरिया पाण्याबरोबर इकडे येत नाही ना, ते पाहा. फुलं येऊन गळत असतील तर त्या दिवसांत पाण्याचा ताण पडतोय किंवा कोणीतरी कीटकनाशक मारतंय. सोसायटीची डासांची धूरफवारणी फुलांच्या काळात झुडपांवर येऊ देऊ नका, परागीभवन करणारे कीटक तिने मरतात.

आलेल्या फळांपैकी ज्यांची ओळख पक्की नाही ती मुलांना खाऊ देऊ नका. कुंती, पापट, माकडलिंबू आणि अंजनीची फळं पक्ष्यांसाठी राहू द्या. सावलीच्या कडेला घाणेरी आपोआप उगवली तर लहान असतानाच मुळासकट काढा. तिची फळं बुलबुलच आणतात, तीच फळं गुरांना आणि माणसांना बाधू शकतात आणि ती देशीही नाही.

## ९. बी धरणं

या झुडपांचं बी डबीत भरून ठेवायचं नसतं. वाळलं की त्याची उगवण झपाट्याने घटते. पूर्ण पिकलेलं फळ झुडपावरूनच घ्या, गर चोळून पाण्यात धुवा, सावलीत फडक्यावर फक्त वरचं पाणी सुकेपर्यंत ठेवा आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पेरा. अर्धी माती, अर्धं कुजलेलं पान. खोली बियाच्या जाडीएवढी. खोल पिशव्या वापरा, म्हणजे सोटमूळ वळत नाही.

पेरलेल्या पिशव्या त्याच झुडपाच्या सावलीत ठेवा, माती सतत ओलसर राहू द्या आणि उगवलं नाही म्हणून आठ-पंधरा दिवसांत उकरून पाहू नका. रोपाला सहा-आठ खरी पानं आली की ते देण्याजोगं झालं. देताना पिशवीवर नाव, पेरणीचा महिना आणि ‘किती ऊन लागतं’ हे तिन्ही लिहा.